नेहरू स्टेडियम, पुणे

पुणे शहराच्या दक्षिण भागात, स्वारगेट येथे असलेले महानगरपालिकेच्या मालकीचे क्रिकेट मैदान. पूर्ण नाव पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम. 1984 ते 2005 या काळात येथे 11 आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने झाले. त्यांपैकी 8 भारताचे असून 5 भारताने जिंकले. कसोटी सामना येथे कधीच झाला नाही. प्रेक्षकक्षमता सुमारे 25,000.

पश्चिमेला सारसबाग आणि तिच्यामागे पर्वतीची टेकडी, शेजारी गणेश कला क्रीडा रंगमंच, आणि पूर्वेला चालत गाठता येईल इतक्या अंतरावर स्वारगेटचे एसटी स्थानक, अशी या मैदानाची जागा आहे. सारसबागेच्या ठिकाणी नानासाहेब पेशव्यांनी करविलेला तलाव होता. तेथील मंदिराचे तळ्यातला गणपती हे नाव त्यातूनच आले. मैदानाचे महत्त्व समजून घेताना मात्र तलावापेक्षा एसटी स्थानक अधिक लक्षात घेतले पाहिजे. सातारा, कराड, कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव या बाजूंनी येणाऱ्या गाड्या प्रवाशांना पुण्यात स्वारगेटला उतरवतात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर निपाणी-संकेश्वरकडची मुले कर्नाटकाच्या संघटनेकडून खेळू लागली. परंतु त्या भागातल्या मराठी घरांचा पुण्याशी असलेला शिक्षणाचा, नोकरीचा आणि नातेवाइकांचा संबंध तुटला नाही. रात्रीच्या गाडीने निघावे, पहाटे स्वारगेटला उतरावे, चहा घेऊन पायीच मैदानाच्या दाराशी रांगेत उभे राहावे आणि सामना संपल्यावर त्याच स्थानकातून परतीची गाडी धरावी, इतकी ही सोय सरळ होती. महाराष्ट्रातल्या फार थोड्या मोठ्या मैदानांना अशी जागा लाभली आहे.

पुण्यातील क्रिकेट या मैदानाहून बरेच जुने आहे. महाराष्ट्राच्या संघाने दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली 1939-40 व 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, तेव्हा हे स्टेडियम नव्हते. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर 1948 मध्ये काठियावाडविरुद्ध केलेल्या नाबाद 443 धावांचा उल्लेख करताना काही वेळा याच मैदानाचे नाव घेतले जाते. ते चुकीचे आहे. ती खेळी पूना क्लबच्या मैदानावर झाली. प्रथम श्रेणीतील ब्रॅडमन यांच्या तेव्हाच्या 452 या उच्चांकापासून निंबाळकर 9 धावा दूर असताना प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामना सोडून दिला. नेहरू स्टेडियम त्यानंतर दोन दशकांनी, 1960 च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे सामने येथे होऊ लागले.

पहिला आंतरराष्ट्रीय सामना 5 डिसेंबर 1984 रोजी भारत व इंग्लंड यांच्यात झाला. तो काळ फार कठीण होता. इंग्लंडचा संघ भारतात आला त्याच दिवसांत पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली. मुंबईच्या कसोटीच्या आदल्या दिवशी ब्रिटिश उपउच्चायुक्त पर्सी नॉरिस यांना मुंबईत गोळ्या घालण्यात आल्या. आणि पुण्याचा सामना सुरू झाला तेव्हा भोपाळची वायुदुर्घटना घडून दोनच दिवस झाले होते. दौरा रद्द होण्याच्या बेतात असतानाही पुण्यात खेळ झाला. दिलीप वेंगसरकरने 105 धावा केल्या, तर माइक गॅटिंगने नाबाद 115 धावा करून इंग्लंडला 4 गडी राखून विजय मिळवून दिला. मार्च 1987 मध्ये पाकिस्ताननेही येथे भारताला हरवले. त्याच वर्षीच्या विश्वचषकात 30 ऑक्टोबरला इंग्लंडने श्रीलंकेवर 8 गड्यांनी मात केली.

5 डिसेंबर 1990 चा श्रीलंकेविरुद्धचा सामना निकालापेक्षा एका खेळीसाठी नोंदवायला हवा. 17 वर्षांच्या सचिन तेंडुलकरने येथे 53 धावा केल्या. एकदिवसीय क्रिकेटमधले ते त्याचे पहिले अर्धशतक, आणि सामनावीराचा पहिला मानही त्याला याच सामन्यात मिळाला. पुढे त्याने या प्रकारात 49 शतके केली. त्या प्रवासाचा प्रारंभ स्वारगेटला झाला, ही या मैदानाची सर्वांत मोलाची नोंद म्हणता आली असती. परंतु त्याहून मोठी घटना येथे अजून घडायची होती.

ती 29 फेब्रुवारी 1996 रोजी घडली. विल्स विश्वचषकाच्या साखळी फेरीत केनियाची गाठ वेस्ट इंडीजशी होती. केनियाचा तो पहिलाच विश्वचषक. खेळाडू बहुतेक हौशी, नोकरीधंदा सांभाळून खेळणारे. अँब्रोझ, वॉल्श व बिशप या वेगवान गोलंदाजांसमोर त्यांचा डाव 49.3 षटकांत 166 धावांवर संपला. स्टीव्ह टिकोलोच्या 29 धावा या त्यातल्या सर्वाधिक वैयक्तिक धावा. अवांतर धावा त्याहूनही जास्त होत्या. ऑफस्पिनर रॉजर हार्परने अवघ्या 15 धावांत 3 बळी घेतले, आणि खेळपट्टी फिरकीला साथ देते हे तेव्हाच दिसून आले होते. विंडीजच्या फलंदाजांनी त्याची दखल घेतली नाही. रजब अलीने रिची रिचर्डसनचा त्रिफळा उडवला. त्यानंतर ब्रायन लारा 8 धावांवर असताना त्याच्या बॅटची कड घेतलेला चेंडू यष्टिरक्षक तारिक इक्बालने टिपला आणि सामन्याचे पारडे फिरले. तारिकच्या हातून त्या दिवशी इतर चेंडू सुटत होते. हा झेल मात्र सुटला नाही. कर्णधार मॉरिस ओडुंबेने 10 षटकांत 15 धावा देऊन 3 बळी घेतले, रजब अलीने 17 धावांत 3. चंदरपॉल व हार्पर यांच्याखेरीज कोणालाही दोन आकडी धावसंख्या गाठता आली नाही. 35.2 षटकांत 93 धावांवर वेस्ट इंडीजचा डाव आटोपला आणि केनियाने 73 धावांनी विजय मिळवला.

दोन वेळा विश्वविजेता ठरलेला संघ एका नवख्या संघाकडून हरला, आणि तोही भारत खेळत नसलेल्या सामन्यात. विश्वचषकाच्या इतिहासातील मोठ्या उलथापालथींमध्ये आजही या सामन्याची गणना होते, तेव्हा पुण्याचे नाव घ्यावेच लागते. वेस्ट इंडीज यानंतर सावरले. त्यांनी जयपूरला ऑस्ट्रेलियाला व कराचीला दक्षिण आफ्रिकेला हरवले आणि मोहालीच्या उपांत्य सामन्यात ते केवळ 5 धावांनी पराभूत झाले. केनियाचा संघ 2003 मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. मोठ्या संघाला हरवता येते हा विश्वास त्यांना प्रथम या मैदानावर मिळाला होता.

इतर सामन्यांपैकी नोव्हेंबर 1995 मधील न्यूझीलंडविरुद्धची लढत ख्रिस केर्न्सच्या 103 धावांनंतरही भारताने जिंकली. 28 मार्च 2001 रोजी, ईडन गार्डन्सच्या प्रसिद्ध कसोटीनंतर दोन आठवड्यांत, हेमांग बदानीने येथे शतक केले. त्यापुढे मार्क वॉने नाबाद 133 धावा काढून ऑस्ट्रेलियाला 8 गड्यांनी जिंकून दिले. झिंबाब्वे (1993) आणि श्रीलंका (1999) यांच्यावरही भारताने येथे विजय मिळवले. शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना 3 नोव्हेंबर 2005 रोजी भारत व श्रीलंका यांच्यात झाला. तीनच दिवस आधी जयपूरला महेंद्रसिंग धोनीने नाबाद 183 धावा केलेल्या असल्यामुळे पुण्यात त्याला पाहण्याची उत्सुकता मोठी होती. हा सामनाही भारताने जिंकला.

त्यानंतर येथे आंतरराष्ट्रीय क्रिकेट थांबले. मैदान महापालिकेचे आणि सामने संघटनेचे, अशी दुहेरी व्यवस्था प्रारंभापासून होती. तिकिटांच्या वाटपावरून दोन्ही बाजूंमधले मतभेद वाढत गेले आणि अखेर संघटनेने स्वतःचे मैदान बांधण्याचा निर्णय घेतला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, मावळातील गहुंजे येथे, हॉपकिन्स या ब्रिटिश वास्तुसंस्थेच्या आराखड्यानुसार नवे स्टेडियम उभे राहिले आणि एप्रिल 2012 मध्ये खुले झाले. आयपीएलमधील पुणे वॉरियर्स संघाला 2011 चे घरचे सामने नवी मुंबईत खेळावे लागले. नावात पुणे असलेला संघ पहिल्या वर्षी पुण्यात खेळला नाही, आणि त्या वर्षी नेहरू स्टेडियम शहरात उभेच होते.

गहुंजे येथे डिसेंबर 2012 मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-20 सामना, फेब्रुवारी 2017 मध्ये पहिली कसोटी आणि 2023 च्या विश्वचषकाचे 5 सामने झाले. आसने, छत, प्रकाशझोत आणि खेळाडूंच्या सोयी या सर्व बाबतींत ते सरस आहे, आणि पुण्याला कसोटी मिळाली ती त्यामुळेच. हे मान्य करूनही एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. नवे मैदान स्वतःची गाडी असलेल्या प्रेक्षकाला सोयीचे आहे. दक्षिणेकडून एसटीने स्वारगेटला उतरणाऱ्याला तेथून पुढे संपूर्ण शहर ओलांडून पलीकडे जावे लागते आणि रात्री उशिरा संपलेल्या सामन्यानंतर परत यावे लागते. या ये-जा करण्यात वेगळा खर्च होतो. बेळगाव-निपाणीकडचा, वर्षातून एखादा सामना पाहायला येणारा प्रेक्षक यामुळे कमी झाला. ही हानी मोठी आहे, आणि धावसंख्येच्या तक्त्यांत ती दिसत नाही.

स्टेडियमच्या बाहेरच्या अंगाला गाळे असून त्यांत दुकाने व कचेऱ्या आहेत. मैदानाची देखभाल महापालिकेकडे आहे.

दळणवळण : स्वारगेट एसटी स्थानक व पीएमपीचे बसस्थानक नजीक. पुणे रेल्वे स्थानक सुमारे 5 किमी. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो 29 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झाल्यापासून पिंपरी-चिंचवडकडूनही येथे थेट येता येते.