पाण्याखालचा दिवा आणि पाच मिलिअँपिअर : एका कसोटीचा इतिहास

दिवा लागतो, म्हणजे तो निर्दोष आहे, ही साहजिक समजूत पाण्याखालील दिव्यांच्या बाबतीत प्राणघातक ठरते. अमेरिकेतील जलतरण तलावांच्या संदर्भात या समजुतीची जागा वेगळ्या कसोटीने कशी घेतली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघरच्या आवारात जलतरण तलाव झपाट्याने वाढले. तलावाच्या भिंतीतील कोनाड्यात काचबंद दिवा बसवण्याची पद्धत रूढ झाली. या कोनाड्यात पाणी भरलेलेच असते. ते दिव्यात शिरू न देण्याचे काम काच व कवच यांमधील रबरी गॅस्केट करते. केबलचे जादा वेढे कोनाड्यातच ठेवलेले असल्यामुळे तलाव रिकामा न करता दिवा काठावर घेता येतो. सोय मोठी, परंतु बल्ब बदलताना दर वेळी गॅस्केट उघडावे लागते आणि झिजलेले गॅस्केट पुन्हा नीट बसेलच असे नाही.

पाणी आत झिरपले की वीज धातूच्या कवचात उतरते. भूसंपर्काची तार शाबूत असेल तर तिला वाट मिळते. तोच जोड गंजलेला असेल तर पोहणाऱ्याचे शरीर वाट बनते. दिवा मात्र लागलेलाच राहू शकतो. 15 अँपिअरचा फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसाला मारण्यास त्याच्या दोनशेव्या हिश्शाइतका प्रवाहही पुरेसा असतो.

हे प्रमाण प्रयोगाने स्पष्ट करण्याचे श्रेय बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांना दिले पाहिजे. 1940 च्या दशकात त्यांनी स्वयंसेवकांच्या हाती तार देऊन, किती प्रवाहापर्यंत ती स्वेच्छेने सोडता येते, हे मोजले. पुरुषांची सरासरी सुमारे 16, तर स्त्रियांची सुमारे 10.5 मिलिअँपिअर आली. असे प्रयोग आजच्या नैतिक निकषांवर कितपत टिकले असते, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. 1961 मध्ये त्यांनी जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहातील तफावत ओळखून वीज तोडणारे उपकरण सिद्ध केले. दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी सोन्याच्या खाणींसाठी 1955 मध्येच अशी यंत्रणा रचली होती, हे विसरता येणार नाही; तिची संवेदनक्षमता मात्र 250 मिलिअँपिअर होती. अमेरिकेत पुढे सुमारे 5 मिलिअँपिअरची मर्यादा रूढ झाली. आपल्याकडे बोलीत अजूनही ‘ईएलसीबी’ म्हटली जाणारी आरसीसीबी याच तत्त्वावर चालते. तिची घरगुती मर्यादा सामान्यतः 30 मिलिअँपिअर असते.

1968 च्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये या संरक्षणाची अट प्रथम आली, ती नेमकी तलावातील पाण्याखालच्या दिव्यांसाठी. स्वयंपाकघर, न्हाणीघर यांची पाळी नंतर आली.

दुरुस्तीची रीतही यामुळे बदलली. सुरुवातीची उपकरणे लांब तारांवर विनाकारण वीज तोडत, त्यामुळे त्यांची बदनामी झाली. या बदनामीचा आधार घेऊन खऱ्या गळतीकडेही दुर्लक्ष करणे सोपे होते. वस्तुतः शोधाचा क्रम सरळ आहे. वीजपुरवठा बंद करून दिवा केबलपासून सोडवावा. त्यानंतरही उपकरण वीज तोडत असेल तर दोष केबलमध्ये किंवा जोडपेटीत. न तोडल्यास संशय दिव्यावर, आणि बहुधा गॅस्केटवर. विद्युतरोधन मेगरने मोजल्यावर त्याची खात्री पटते. उपकरणावरील चाचणीचे बटण दिव्याची नव्हे, उपकरणाचीच परीक्षा घेते. ते महिन्यातून एकदा दाबावे अशी शिफारस असली, तरी फारसे कोणी दाबत नाही. म्हणूनच 2015 पासून अमेरिकी मानकाने अशा नव्या उपकरणांना स्वतःची तपासणी आपोआप करण्याची सक्ती केली.