नाटक मंडळीचे बिऱ्हाड आणि तेथील मुलगे

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतल’ने १८८० मध्ये मराठी संगीत नाटकाचा पाया घातला, तेव्हा प्रतिष्ठित मंडळ्यांमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता, त्यामुळे स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीभूमिका करणारे पुरुष नट, ही मंडळ्यांची गरज ठरली आणि गोड गळ्याच्या मुलग्यांचा शोध हा व्यवसायाचाच भाग बनला. असा मुलगा घर सोडून कंपनीच्या बिऱ्हाडात, म्हणजे मुक्कामाच्या गावी मंडळी एकत्र राहत त्या जागेत, दाखल झाला की त्याचे जेवण, तालीम आणि शिस्त या साऱ्यांची सूत्रे मालकाच्या व प्रमुख नटाच्या हाती जात. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चाले आणि प्रत्येक ‘वन्समोअर’बरोबर नायिकेचे पद जसे लांबे, तसे विंगेत आपल्या प्रवेशाची वाट पाहणाऱ्या मुलाचे जागरणही लांबे.

या व्यवस्थेतील विसंगती गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ (१८९९) या नाटकात ठळकपणे दिसते. जरठकुमारी विवाहावर, म्हणजे म्हाताऱ्या वराशी अल्पवयीन मुलीचे लग्न लावण्याच्या रूढीवर, या नाटकाने प्रहार केला. मात्र वडीलधाऱ्यांच्या व्यवहारात जिचे मत कोणी विचारत नाही अशा मुलीची व्यथा रंगमंचावर मांडणाऱ्या मुलग्यांचे आयुष्यही वडीलधाऱ्यांनीच ठरवलेले असे. शारदेच्या भूमिकेने गाजलेले केशवराव भोसले लहानपणीच नाटक मंडळीत आले होते.

या मुलांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो तो येथे. केशवरावांनी १९०८ मध्ये हुबळीस ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी स्थापन केली तेव्हा त्यांना अठरावे वर्ष चालू होते आणि १९१८ मध्ये ‘बलवंत संगीत मंडळी’ काढणारे दीनानाथ मंगेशकरही त्याच वयाचे होते. म्हणजे ज्यांनी मुलांचे पालकत्व करायचे, ते स्वतःच नुकते मुलगे होते. ज्या बिऱ्हाडात ते वाढले, तेथील शिस्त व माया हेच पालकत्वाचे त्यांच्यासमोरचे उदाहरण होते. शिवाय मुलाचे स्थान त्याच्या गळ्यावर अवलंबून होते. वयात येताना आवाज फुटला, म्हणजे बालपणीचा बारीक स्वर जाऊन तो घोगरा झाला, की त्याला पुरुषभूमिका द्यायची, वाद्यावर बसवायचे की घरी पाठवायचे, हे मालकाच्या चांगुलपणावर राही. त्यातही मालकाचा हात सढळ असणे म्हणजे मुलांना निश्चिती मिळणे नव्हे; बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीचे औदार्य विख्यात होते, परंतु शालू-अत्तरांचा खर्च आणि आश्रितांचे अन्न एकाच गल्ल्यातून निघे आणि कंपनी कर्जात बुडाली की ती झळ सर्वांनाच लागे.

‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने १९३३ मध्ये स्त्रीभूमिकांसाठी स्त्रियांना रंगमंचावर आणले आणि स्त्रीपार्टी मुलग्यांची गरज ओसरत गेली. बालकलाकारांच्या कामाला दिवसाला पाच तासांची मर्यादा घालणारा आणि त्यांच्या मिळकतीचा किमान वीस टक्के भाग त्यांच्या नावे मुदत ठेवीत ठेवायला लावणारा केंद्रीय नियम मात्र २०१७ मध्ये आला. बिऱ्हाडातल्या मुलाला अशी ठेव नव्हती. त्याची पुंजी गळ्यात होती आणि ती किती दिवस टिकेल, हे मालकालाही सांगता येत नव्हते.