कुंचला, पाटीलेखनाचा

पाटीलेखनाचा कुंचला : दुकानांच्या पाट्या, वाहने व भिंती यांवर एनॅमल रंगाने अक्षरे काढण्याचा, लांब नैसर्गिक केसांचा ब्रश. पिसाच्या पोकळ दांड्यात केसांचा झुबका ओवून तो बनवण्याची युरोपीय पद्धत जुनी आहे. पुढे धातूची नळीही आली. खारीच्या शेपटीचे केस मऊ असून रंग जास्त धरतात, तर बैलाच्या कानातले केस चिवट असतात. मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली बेकायदा आहे (पहा : मुंगूस).

नव्या कुंचल्याच्या केसांना लावलेली खळ आधी धुऊन काढतात. रंग भरताना केस पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंनी फिरवून टोक पटाशीसारखे सपाट करतात.

एनॅमल हवेतील ऑक्सिजनाने घट्ट होतो व एकदा वाळला की टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही (पहा : रंगलेप). म्हणून काम संपताच कुंचला टर्पेंटाइन किंवा रॉकेलमध्ये दोन-तीनदा धुतात. केसांच्या मुळाशी, नळीत रंग उरला तर केस फाकतात आणि रेघेची कड बिघडते. खरी काळजी तिथेच लागते. मग न वाळणारे खनिज तेल लावून, टोक बोटांनी जुळवून कुंचला झाकणाच्या पेटीत आडवा ठेवतात. जवसाचे तेल स्वतःच वाळते, त्यामुळे ते वर्ज्य (पहा : जवस). भांड्यात केस खाली करून उभा ठेवल्यास टोक कायमचे वाकते. कोरडे साठवलेले केस कसर खाते. पेटीत डांबरगोळ्या ठेवतात. पुन्हा वापरण्यापूर्वी तेल टर्पेंटाइनने पूर्ण काढावे लागते, कारण ते रंगात मिसळल्यास रंग नीट वाळत नाही.

फ्लेक्स फलकांमुळे या कुंचल्यांची मागणी घटली आहे (पहा : जाहिरात).