दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे वैद्यकीय ज्ञान

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणजे मूत्रपिंडांच्या रचनेत किंवा कार्यात तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारा आणि आरोग्यावर परिणाम करणारा बिघाड होय. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'सीकेडी' असेही म्हणतात. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची सर्वांत मोठी कारणे आहेत. २०१७ सालच्या जागतिक अंदाजानुसार सुमारे ७० कोटी लोकांना हा विकार होता; त्यांपैकी सुमारे साडेअकरा कोटी भारतात होते. त्या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख मृत्यू या विकाराने झाले.

हा विकार बहुधा दुखत नाही. पायांवर सूज, मळमळ, खाज, धाप ही लक्षणे दिसू लागेपर्यंत मूत्रपिंडांचे बरेचसे कार्य गेलेले असते. त्यामुळे रुग्णाला कळण्यापूर्वी तो डॉक्टरला कळावा लागतो. ते ज्ञान वैद्यकशास्त्रात कसे आले आणि नेहमीच्या दवाखान्यापर्यंत कितपत पोचले, हा या लेखाचा विषय आहे.

संज्ञा

मराठी पाठ्यपुस्तकांत 'मूत्रपिंड' आणि 'वृक्क' हे दोन्ही शब्द आढळतात. बोलण्यात मात्र 'किडनी' हाच शब्द रूढ आहे. 'किडनी फेल झाली' किंवा 'मूत्रपिंडे निकामी झाली' हे प्रयोग वृत्तपत्रांनीही स्वीकारले आहेत. त्यांतून एखादे यंत्र अचानक बंद पडावे तसा अर्थ सूचित होतो आणि तो या विकाराच्या बाबतीत दिशाभूल करणारा आहे. येथे ऱ्हास वर्षानुवर्षे, पायरीपायरीने होतो. अतिसार, सर्पदंश, हिवताप इत्यादींमुळे काही तासांत वा दिवसांत उद्भवणारा तीव्र मूत्रपिंडाघात ही वेगळी अवस्था आहे. तो पुष्कळदा भरून येतो, पण काही रुग्णांत त्यातूनच पुढे दीर्घकालीन विकार जडतो.

इतिहास

लघवीवर टिकणारा फेस हे मूत्रपिंडाच्या दीर्घ आजाराचे चिन्ह आहे, हे निरीक्षण हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक सूत्रांतही नोंदलेले आहे. आधुनिक ज्ञानाचा आरंभ मात्र लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांच्यापासून मानला जातो. अंगावर सूज असलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन ती मेणबत्तीवर तापवली असता अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे साकळते, असे त्यांना दिसले. त्याच रुग्णांच्या शवविच्छेदनात मूत्रपिंडे विकृत आढळली. सूज, लघवीतील अल्ब्युमिन आणि मूत्रपिंडाची विकृती यांचा संबंध त्यांनी १८२७ साली प्रसिद्ध केला. पुढे शंभराहून अधिक वर्षे हा विकार 'ब्राइटचा रोग' या नावानेच ओळखला जात होता. चमचा आणि मेणबत्ती एवढ्या साधनांनी झालेले हे निदान आजच्या अल्ब्युमिन चाचणीचे मूळ आहे.

विसाव्या शतकात अमेरिकेतील होमर स्मिथ आदी शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी मूत्रपिंडांतील गाळणीचे मोजमाप शास्त्रशुद्ध केले. १९४३ साली जर्मनांच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी रक्तशुद्धीकरणाचे, म्हणजे डायलिसिसचे यंत्र बनवले. १९५४ साली बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. १९६० साली सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी धमनी व शीर यांत कायम ठेवता येणारी नळी वापरात आणली आणि डायलिसिस वारंवार, वर्षानुवर्षे करणे शक्य झाले. यंत्रे थोडी आणि रुग्ण फार, म्हणून ते कोणाला द्यावे हे ठरवण्यासाठी सिएटलमध्ये नागरिकांची एक समिती नेमावी लागली होती. भारतातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाले.

अखेरच्या अवस्थेवरचे उपाय अशा रीतीने आधी सापडले. आरंभीच्या अवस्थेला सर्वमान्य व्याख्या मिळण्यास मात्र २००२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनने 'तीन महिने' ही अट आणि पाच टप्प्यांचे वर्गीकरण मांडले. तोपर्यंत निरनिराळे डॉक्टर एकाच अवस्थेला निरनिराळी नावे देत असत.

क्रिएटिनिनचा आकडा

सर्वसाधारण दवाखान्यात मूत्रपिंडांची परीक्षा रक्तातील क्रिएटिनिनवरून होते. क्रिएटिनिन हा स्नायूंतून सतत निर्माण होणारा टाकाऊ पदार्थ आहे. मूत्रपिंडे तो गाळून बाहेर टाकतात. गाळणी मंदावली की तो रक्तात साठतो. येथवर तर्क सरळ आहे. अडचण अशी की ही वाढ समप्रमाणात होत नाही. गाळणक्षमता निम्म्यावर येईपर्यंत आकडा अनेकदा 'सामान्य' कक्षेतच राहतो. शिवाय ज्याचे स्नायू कमी त्याचे क्रिएटिनिन मुळातच कमी असते. वृद्ध, कृश आणि स्त्रिया यांच्या बाबतीत म्हणूनच फसगत होते.

क्रिएटिनिन १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असल्याचे दोन अहवाल समोर आहेत असे समजू. एक २५ वर्षांच्या पुरुषाचा, दुसरा ६५ वर्षांच्या स्त्रीचा. २०२१ साली सुधारलेल्या सूत्राने गणित केल्यास पुरुषाची अनुमानित गाळणक्षमता मिनिटाला सुमारे ८६ मिलिलिटर येते, स्त्रीची सुमारे ५०. कागदावरचा आकडा तोच. पण पुरुषाचे मूत्रपिंड बहुधा ठीक आहे, तर स्त्रीला तीन महिन्यांनंतरही हेच दिसल्यास विकाराच्या तिसऱ्या टप्प्यात धरावे लागेल. अहवालात नुसते क्रिएटिनिन छापलेले असेल आणि डॉक्टरने वय व लिंग यांचा हिशेब केला नाही, तर दुसरा अहवाल 'नॉर्मल' म्हणून परत जाण्याचा संभव मोठा असतो.

अशा सूत्रांपैकी कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र १९७६ सालचे आहे. १९९९ आणि २००९ साली अधिक नेमकी सूत्रे आली. पहिला टप्पा ९० व त्याहून अधिक, दुसरा ६० ते ८९, तिसरा ३० ते ५९, चौथा १५ ते २९ आणि पाचवा १५ हून कमी, अशी विभागणी आहे. तिसऱ्याचे ४५ या आकड्यावर पुन्हा दोन भाग केले जातात. पहिल्या दोन टप्प्यांत केवळ आकड्यावरून विकार म्हणता येत नाही; लघवीत अल्ब्युमिन किंवा सोनोग्राफीत दिसणारा दोष असा दुसरा पुरावा लागतो.

लघवीची उपेक्षित चाचणी

२०१२ साली 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेने गाळणक्षमतेच्या जोडीला लघवीतील अल्ब्युमिनचे प्रमाणही वर्गीकरणात घेतले. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमहून कमी, ३० ते ३०० आणि ३०० हून अधिक अशा तीन श्रेणी आहेत. अल्ब्युमिन जितके जास्त, तितका पुढील ऱ्हासाचा व हृदयविकाराचा धोका जास्त. या विकाराचे अनेक रुग्ण डायलिसिसपर्यंत पोचण्याआधीच हृदयविकाराने दगावतात.

टाइप-२ मधुमेहात निदानाच्या दिवसापासून दरवर्षी ही चाचणी आणि क्रिएटिनिन दोन्ही करावीत, अशी शिफारस आहे. प्रत्यक्षात साखर तपासली जाते, क्रिएटिनिनही होते, लघवीची चाचणी राहून जाते. चाचणीपट्टी बुडवून पाहिल्यास अल्ब्युमिनचे थोडे प्रमाण निसटू शकते.

ज्ञान आणि व्यवहार यांतील अंतर

अनेक देशांत सामान्य चिकित्सकांच्या पाहण्या झाल्या आहेत. मधुमेह व रक्तदाब ही कारणे बहुतेकांना ठाऊक असतात. टप्प्यांचे वर्गीकरण, अल्ब्युमिनचे महत्त्व आणि रुग्णाला तज्ज्ञाकडे केव्हा पाठवावे या बाबतींत उत्तरे डळमळीत होतात, असा त्यांचा साधारण सूर आहे. गाळणक्षमता ३० च्या खाली गेली, अल्ब्युमिन ३०० च्या वर राहिले किंवा ऱ्हास वेगाने होऊ लागला, तर मूत्रपिंडतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, असा प्रस्थापित संकेत आहे.

उशिरा पाठवण्याची किंमत रुग्ण मोजतो. डायलिसिससाठी हातात धमनी व शीर जोडून करावयाचा 'फिस्टुला' वापरण्याजोगा होण्यास काही आठवडे ते महिने लागतात. वेळ नसेल तर मानेतून नळी घालावी लागते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हिपॅटायटिस-बीची लसही लवकर दिल्यास अधिक लागू पडते. ज्या हातात पुढे फिस्टुला करायचा, त्या हाताच्या शिरांत सलाइन लावू नये, ही साधी खबरदारी. परंतु निदानच झालेले नसेल तर ती कोण घेणार?

औषधांच्या बाबतीतही असेच आहे. गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या आजारी मूत्रपिंडाला घातक ठरतात. गाळणक्षमता ३० च्या खाली गेल्यास मेटफॉर्मिन बंद करावे लागते. याउलट एनॅलॅप्रिल, लोसार्टन या वर्गांतील रक्तदाबाची औषधे मूत्रपिंडाचे रक्षण करतात. ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढणे अपेक्षित असते. ही वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल तर औषध चालू ठेवावे, असे मार्गदर्शन आहे. हे माहीत नसल्यास वाढलेला आकडा पाहून डॉक्टर नेमके उपकारक औषधच थांबवतो. ही औषधे चालू असताना पोटॅशियमवर लक्ष ठेवावे लागते. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाने शहाळ्याचे पाणी आणि 'कमी सोडियम'चे मीठ टाळणे इष्ट असते, कारण दोन्हींत पोटॅशियम असते.

अलीकडची मोठी भर म्हणजे एसजीएलटी-२ रोधक औषधे. ती मूळची मधुमेहावरची. २०१९ साली कॅनाग्लिफ्लोझिनने मधुमेही रुग्णांत मूत्रपिंडांचा ऱ्हास मंदावतो, हे सिद्ध झाले. २०२० साली डापाग्लिफ्लोझिनचा लाभ मधुमेह नसलेल्या रुग्णांतही दिसून आला. त्याच वर्षी भारतात डापाग्लिफ्लोझिनच्या स्वस्त जेनेरिक गोळ्या मिळू लागल्या.

अज्ञात कारणांचा विकार

आंध्र प्रदेशाच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातील उद्दानम हा नारळ व काजूच्या बागांचा प्रदेश. तेथे मधुमेह वा रक्तदाब नसलेल्या शेतकरी-मजुरांतही हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत आणि मध्य अमेरिकेतील ऊसपट्टा येथेही असेच चित्र आहे. उन्हातील कष्ट व शरीरातील पाण्याची कमतरता, भूजल, कीटकनाशके, जड धातू अशा अनेक कारणांची चर्चा झाली. एकमत झालेले नाही. या प्रकारात लघवीतून अल्ब्युमिन फारसे जात नाही, त्यामुळे चाचणीपट्टीवर भिस्त ठेवणाऱ्या शिबिरांतून रुग्ण सुटून जाऊ शकतात.

भारतातील उपचारव्यवस्था

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. २०१६ साली प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू होऊन जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी मोफत डायलिसिसची सोय होऊ लागली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. सर्वसाधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी सुमारे चार तास डायलिसिस करावे लागते. यंत्राचा खर्च शासनाने उचलला तरी गावाहून केंद्रापर्यंतचा प्रवास आणि बुडालेली मजुरी रुग्णाच्या कुटुंबावरच पडते.