सात झाले, पाच वाचले

आमची साक्रीची आजी मुलं मोजायची तेव्हा म्हणायची, "माले सात व्हयनात, पाच वाचनात." लहानपणी मला वाटायचं, आजीचं गणित कच्चं आहे. पाच तर पाच सांगावेत ना सरळ! सात कशाला?

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा हे आठवलं. चुलतबहिणीला नववा महिना संपता संपता मेलेलं बाळ झालं होतं. तिला दाखवलंही नाही. "बघू नकोस, त्रास होईल. दुसरं होईल," असं सगळे म्हणाले. नवऱ्याने आणि मामांनी रात्रीच पुरून टाकलं. ती मला एवढंच म्हणाली, "भाऊ, केस होते का रे त्याला?" सांगणारं कोणी नव्हतं, कारण नीट बघितलंच नव्हतं कोणी.

पुण्याला परत आल्यावर दोन शनिवार हाच विषय वाचला.

आपल्याला वाटतं हे गावाकडचं अडाणीपण. तसं नाही. 1970च्या दशकापर्यंत इंग्लंडातल्या दवाखान्यांतही बाळ झाकून न्यायचे आणि आईला "विसर" म्हणायचे. 1976 साली लंडनच्या इमॅन्युएल लुईस या मानसोपचारतज्ज्ञाने 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की आठवण धरायला काहीच नसेल तर शोक करायचा तरी कशाचा? आईबापांना बाळ बघू द्या, घेऊ द्या, नाव ठेवू द्या. त्याच वर्षी बेल मूनी या पत्रकार बाईने स्वतःच्या मृत बाळाबद्दल वर्तमानपत्रात लिहिलं. 1978 मध्ये अशा पालकांची संघटना उभी राहिली, तीच आजची 'सँड्स'.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. बाळ हातात देणं हाच नियम होऊ लागला. 2002 साली 'लॅन्सेट'मध्येच एक छोटा अभ्यास आला: ज्यांनी बाळ हातात घेतलं त्या आयांना पुढच्या गरोदरपणात नैराश्य जास्त दिसलं. बराच वाद झाला. त्यातून उरलं ते साधंच आहे: बळजबरी नको, लपवाछपवी नको. विचारा, वेळ द्या, पुन्हा विचारा. शेजारी बाळं रडणाऱ्या वॉर्डात तिला ठेवू नका. आणि तिला दूध येणार आहे, हे आधी सांगा. माझ्या बहिणीला कोणीच सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे हा प्रश्न लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2019 साली भारतात सुमारे 3 लाख 40 हजार मृतजन्म झाले. जगातला सर्वात मोठा आकडा.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. आम्ही डेटाबेस करताना आधी व्याख्या बघतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 'जन्म' म्हणजे जिवंत किंवा मृत जन्म, पण 'मृत्यू' फक्त जिवंत जन्मलेल्याचा. म्हणजे हे बाळ जन्मलं, पण मेलं नाही! वाचून आधी हसू आलं, मग आलं नाही. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यानेही 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं मूल धरलं होतं. म्हणजे कायदा काय म्हणत होता? झालं होतं. मोजा.

आजी कधी शाळेत गेली नव्हती. तरी तिची व्याख्या हीच होती.

परवा बहिणीला फोन केला. पहिल्यांदाच विचारलं, "नाव काय ठरवलं होतंस?"

तिने सांगितलं. मग अर्धा तास बोलत होती.