एका बटणाची बाराखडी

वर्गात एक खेळ करून पाहा. फळ्यावर ४८ घरं आखा, सहा ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ घरं. त्यांत मावतील तेवढी अक्षरं, मात्रा भरा. एका मुलाला खुर्चीवर बसवा. त्यानं बोलायचं नाही, हात हलवायचे नाहीत; डोळा मिचकावण्याची तेवढी मुभा. तुम्ही पट्टी घेऊन एकेका घरावर सेकंदभर थांबत जा. हवं ते घर आलं की तो डोळा मिचकावेल. एका घरापर्यंत पोचायला सरासरी साडेचोवीस सेकंद लागतात. ‘पाणी’ या शब्दात चार चिन्हं. म्हणजे तहानलेल्या माणसाला नुसता शब्द पुरा करायला दीड मिनिटाहून जास्त वेळ.

आता पट्टी आधी आख्ख्या ओळींवरून फिरवा. ओळ निवडली की मग त्या ओळीतल्या घरांवरून. ओळीसाठी सरासरी साडेतीन सेकंद, घरासाठी साडेचार, एकूण आठ. ‘पाणी’ अर्ध्या मिनिटात! खर्च काहीच नाही, फक्त क्रम बदलला.

ज्यांना बोलता येत नाही आणि हातही साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी गेल्या साठ-पासष्ट वर्षांत जी साधनं झाली, त्यांतल्या बऱ्याच साधनांचा पाया एवढाच आहे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मज्जारज्जूच्या दुखापतीचे रुग्ण असत. मानेखालचं शरीर लुळं. रेज मेलिंग यांनी १९६०च्या सुमारास त्यांच्यासाठी एक यंत्र बनवलं. तोंडातल्या नळीतून फुंकर मारायची किंवा हवा ओढायची, त्यावर दिवा, घंटा आणि पुढे टंकलेखन यंत्रही चालायचं. यंत्राच्या लांबलचक इंग्रजी नावाचं लघुरूप झालं ‘पॉसम’. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘मी करू शकतो’.

संगणक आल्यावर फळ्याची जागा पडद्यानं घेतली. स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ साली गेला. न्यूमोनियामुळे श्वासनलिकेला छेद द्यावा लागला होता. सुरुवातीला समोरच्यानं तक्त्यावरच्या अक्षरावर बोट ठेवायचं आणि त्यांनी भुवई उंचवायची, असं चाले. वॉल्ट वॉल्टोझ या अमेरिकी अभियंत्यानं त्याच जातीच्या आजारानं ग्रासलेल्या आपल्या सासूबाईंसाठी संगणकावरची एक आज्ञावली लिहिली होती. ती हॉकिंग यांच्याकडे आली. हातातल्या बटणानं ते मिनिटाला १५ शब्दांपर्यंत मजल मारत. पुढे हातातलं बळ गेलं. मग चष्म्याला लावलेला अवरक्त संवेदक गालाची हालचाल टिपू लागला, आणि वेग पार मिनिटाला एखाद्या शब्दावर आला.

वेग वाढवायचा तर पुढचं अक्षर ओळखता आलं पाहिजे. क्लॉड शॅनन यांनी १९५१ साली इंग्रजी मजकुरावर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. वाचलेल्या मजकुरापुढचं अक्षर माणसाला ओळखायला सांगायचं. २६ अक्षरं आणि मोकळी जागा धरून प्रत्येक निवडीला पावणेपाच बिट माहिती लागायला हवी. प्रत्यक्षात ती एक बिटच्या आसपास पुरते, असा त्यांचा अंदाज. बाकीचं काम भाषाच करते.

केंब्रिजमधले भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मॅके आणि त्यांचे विद्यार्थी डेव्हिड वॉर्ड यांनी नेमकं हेच वापरलं. त्यांच्या ‘डॅशर’मध्ये अक्षरं पडद्याच्या उजव्या कडेनं उभी असतात. जे अक्षर येण्याची शक्यता जास्त, त्याचा चौकोन मोठा. आपण नजर वळवायची, चौकोन मोठा होत जवळ येतो आणि त्याच्या पोटात पुढची अक्षरं दिसतात. लिहिणं म्हणजे सायकल हाकण्यासारखं. नजरेनं मिनिटाला सुमारे २५ शब्द लिहिता येतात, असं त्यांनी २००२ साली ‘नेचर’मध्ये मांडलं. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की मॅके यांनी डॅशरची मूळ आज्ञावली सर्वांना खुली ठेवली. कुणीही वापरावी, बदलावी, आपल्या भाषेचा मजकूर तिला शिकवावा.

खुलेपणाचं महत्त्व हॉकिंग यांच्या ‘आवाजा’नं पटवून दिलं. तो आवाज १९८०च्या दशकातल्या एका छापील मंडलावर अवलंबून होता. कंपनी विकली गेली, पुन्हा विकली गेली, सुटे भाग मिळेनात. दुसरा आवाज हॉकिंग यांना नको होता; हाच आपला, असं ते म्हणत. मग काही अभियंत्यांनी वर्षानुवर्षं खपून त्या जुन्या यंत्रणेची हुबेहूब नक्कल छोट्याशा रास्पबेरी पाय संगणकावर उतरवली. ती त्यांना मिळाली जानेवारी २०१८मध्ये. मार्चमध्ये ते गेले. माणसाचा आवाज एखाद्या कंपनीच्या कपाटात अडकून पडावा, हे विचित्रच.

त्याआधी, २०१५ साली, इंटेल कंपनीनं हॉकिंग यांच्यासाठी केलेली नवी आज्ञावली खुली केली होती. तिला त्यांची शब्दांची सवय शिकवलेली असे: ‘द’ निवडलं की ती ‘ब्लॅक’ सुचवी आणि त्यामागोमाग ‘होल’. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतल्या अभिकल्प विभागात ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं मोफत साधन तयार झालं. ते मराठीतही आहे.

बटण मात्र घरीही होतं. जुना माउस उघडून डाव्या कळीच्या दोन टोकांना दोन तारा डाखून द्या. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांना ॲल्युमिनियमचा कागद चिकटवून मध्ये स्पंजची भोकाची पट्टी ठेवा, तारा त्यांना जोडा. पुठ्ठा दाबला की माउस ‘दाबला’ जातो. कोपरानं, पायानं, गालानं, ज्या मुलाला जे जमेल त्यानं.

राहिला फळा. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातलं घर दोन सेकंदांत मिळतं, उजवीकडचं खालचं चौदा सेकंदांत. तिथे ‘अ’ आणि ‘ज्ञ’ बसवायचे हा केवळ बाराखडीचा धाक. मुलांना पाठ्यपुस्तकाचं एक पान द्या आणि प्रत्येक चिन्ह किती वेळा येतं ते मोजायला सांगा. पहिल्या घरावर काना हक्क सांगेल. दुसऱ्यासाठी ‘त’, ‘र’, ‘य’, वेलांटी यांची मारामारी होईल. ती त्यांनाच सोडवू द्या.