तलफ, इच्छा आणि दंडावरची पट्टी



आजचा विषय इतिहासाचा आहे, पण ज्या वस्तूचा इतिहास सांगायचा ती तळहातापेक्षाही लहान आहे. सकाळी दंडावर चिकटवायची, दुसऱ्या दिवशी काढून टाकायची आणि जागा बदलून नवी लावायची, अशी ही निकोटीनची पट्टी, म्हणजे पॅच. बिडी-सिगारेट सोडू पाहणाऱ्याला डॉक्टर ती देतात. आता कुणी विचारील, की हा विषय दरेकसा येथे, जंगलाच्या तोंडाशी, कशाला? उत्तर सोपं आहे. बिडीचं पान ज्या मुलखातून जातं, तिथेच बिडी सोडण्याची गोष्ट बोलायला हवी.

आधी पानाकडे पाहू. तेंदूचं पान उन्हाळ्यात तोडतात. पहाटे जंगलात जायचं, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायची. हे इथे कुणाला शिकवायला नको. पण हा धंदा अनादिकाळापासूनचा नाही. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी रेल्वे १८८२ पर्यंत तयार झाली. पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेली आणि रुंद झाली. तोच मार्ग आज दरेकसाच्या बोगद्यातून जातो. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात गुजरातेतली काही कुटुंबं पोटासाठी मध्य प्रांतात आली. बिडी वळण्याची कला त्यांच्याजवळ होती, तेंदूचं पान इथे भरपूर होतं. १९०३ ते १९०५ च्या सुमारास गोंदिया-जबलपूर ही लहान गाडी सुरू झाली. पान, तंबाखू, मजूर आणि रेल्वे अशा चार गोष्टी एकत्र आल्या आणि गोंदिया-भंडाऱ्याचा बिडीउद्योग उभा राहिला. १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूपानांच्या व्यापाराचं नियमन सरकारने हाती घेतलं.

पानाचं झालं. आत भरलेला तंबाखू मात्र परदेशी. तो अमेरिका खंडातला. पोर्तुगिजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला आणि दख्खनमध्ये तो लवकर रुळला. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला, तेव्हा त्याने तंबाखू आणि रत्नजडित चिलीम बादशहाला नजर केली. दरबारात वाद झाला. हकीम म्हणाले, हे औषध आपल्या ग्रंथांत नाही, परक्यांची चाल आपण का उचलावी? असद बेगचं म्हणणं असं, की प्रत्येक चाल कधीतरी नवीच होती. अकबराने सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र घेतली. १६१७ मध्ये जहांगिराने बंदी घातली, तिचा उपयोग झाला नाही. तंबाखू पुढे गेला, बंदी मागे राहिली.

इथे आमच्या विषयाचा, म्हणजे तत्त्वज्ञानाचा, प्रश्न सुरू होतो. हे वाईट आहे असं कळत असताना माणूस ते का करतो? सॉक्रेटिसाचं मत असं, की खरोखर कळलं तर माणूस करणारच नाही. करतो, म्हणजे त्याला कळलेलंच नाही. ॲरिस्टॉटलला हे पटलं नाही. कळूनही घसरणारी माणसं असतात, हे त्याने मान्य केलं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही हेच विचारतो, की इच्छा नसताना, जणू बळजबरीने ओढल्यासारखा, माणूस पाप का करतो? बिडी ओढणाऱ्याच्या घरी हा प्रश्न रोज विचारला जातो. भाषा फक्त वेगळी असते. "एवढं सांगूनही सोडत कसे नाही हो तुम्ही?"

शतकानुशतकं याचं उत्तर दोन शब्दांत दिलं गेलं. एक पाप, दुसरा कमकुवत मन. तिसरं उत्तर रसायनशास्त्रातून आलं. १८२८ मध्ये हायडेलबर्ग इथे पोसेल्ट आणि रायमान यांनी तंबाखूतलं निकोटीन वेगळं काढलं. नाव पडलं ज्याँ निको या फ्रेंच राजदूतावरून. त्याने सोळाव्या शतकात लिस्बनहून हे रोप औषध म्हणून फ्रान्सच्या दरबारी पाठवलं होतं. पण पदार्थ सापडला म्हणून व्यसनाचं कोडं लगेच सुटलं नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ च्या गाजलेल्या अहवालाने धूम्रपानाचा कर्करोगाशी संबंध स्पष्ट सांगितला, पण धूम्रपानाला व्यसन न म्हणता सवय म्हटलं. निकोटीन व्यसन लावतं, हे त्याच कार्यालयाने १९८८ मध्ये ठासून मांडलं. मधली चोवीस वर्षं महत्त्वाची आहेत. सवय म्हटलं की दोष माणसावर येतो. व्यसन म्हटलं की औषधाचा विचार सुचतो.

तो विचार सुचला स्वीडनमध्ये. १९६७ मध्ये लुंड इथल्या क्लास लुंडग्रेन या संशोधकाने ओव्हे फर्नो या औषधशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. पाणबुडीतल्या खलाशांना आत सिगारेट ओढता येत नाही, तेव्हा ते तोंडातल्या तंबाखूवर वेळ काढतात, असं त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणजे तलफ धुराची नसून निकोटीनची असावी. मग निकोटीन धुराशिवाय का देऊ नये? त्यातून निकोटीनचं च्युइंगम आलं. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने आणि १९८४ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

पट्टीची कल्पना मात्र शेतमजुरांच्या हातांतून आली. ओला तंबाखू तोडणाऱ्या मजुरांना मळमळ होते, चक्कर येते. पानातलं निकोटीन कातडीतून अंगात शिरतं, म्हणून. कॅलिफोर्नियातल्या मरे जार्विक आणि जेड रोझ यांनी यावरून विचार केला, की जे विष म्हणून कातडीतून जातं, ते मोजून-मापून औषध म्हणून का जाऊ नये? प्रयोगाला परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच कातडीवर करून पाहिलं. १९९१-९२ मध्ये अमेरिकेत पट्ट्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागल्या, १९९६ पासून चिठ्ठीशिवायही. एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी. आपल्याकडे बिडी वळणाऱ्यांच्या शरीरातही निकोटीनच्या खुणा अभ्यासकांना सापडल्या आहेत. एकीकडे ज्या वाटेने औषध जातं, दुसरीकडे त्याच वाटेने बाईच्या बोटांतून नकळत विष जातं.

पट्टी करते काय? झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोचतं. म्हणूनच ते इतकं घट्ट पकडतं. पट्टीतून तेच तासन्‌तास, हळूहळू झिरपतं. झटका नाही, त्यामुळे मजाही नाही, पण चिडचिड, अस्वस्थता, झोप उडणं हे कमी होतं. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्याला साधारणपणे २१ मिलिग्रॅमच्या पट्टीपासून सुरुवात करतात, काही आठवड्यांनी १४, मग ७ आणि मग बंद. एकूण आठ-दहा आठवडे. शरीराला जिना उतरू द्यायचा, वरून ढकलायचं नाही. आणि जीव घेणारा भाग मुख्यतः धुरातला, म्हणजे डांबर, कार्बन मोनॉक्साइड वगैरे. तो पट्टीत नाही.

आता हिशेब सरळ मांडू, कारण खोटी आशा हीही एक फसवणूक असते. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर अशा निकोटीन-औषधांनी सोडण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते. म्हणजे औषधाविना दहा जण टिकले असते, तिथे पंधरा-सोळा टिकतात. उरलेले पुन्हा ओढतात. पट्टीच्या जोडीला च्युइंगम दिलं तर फळ जास्त मिळतं, कुणी बोलणारं-विचारणारं असलं तर आणखी. पट्टी इच्छेची जागा घेत नाही, ती इच्छेला श्वास घ्यायला उसंत देते. सॉक्रेटिस आणि ॲरिस्टॉटल यांच्या वादात ती ॲरिस्टॉटलच्या बाजूने उभी आहे. कळणं पुरेसं नसतं, साथ लागते.

आपल्या मुलखात आणखी दोन अडचणी आहेत. पहिली, हे औषध सिगारेटवाल्यांवर तपासलेलं. बिडीत तंबाखू थोडा, पान झाडाचं, म्हणून ती सौम्य असा समज आहे. तो खरा नाही. बिडी विझते, म्हणून झुरके भराभर आणि खोल घ्यावे लागतात. त्यामुळे मात्रा ठरवताना डॉक्टरने नुसत्या काड्या मोजू नयेत, उठल्यावर किती मिनिटांत पहिली पेटते हेही विचारावं. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर गाठ घट्ट आहे. दुसरी अडचण मोठी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यांत धूर काढणारे फक्त ३.८ टक्के, तोंडात ठेवणारे २४.४ टक्के. काहीजण दोन्ही करतात. आपला खर्रा याच दुसऱ्या रांगेतला. आणि खर्रा-गुटख्यासाठी पट्टीचा पुरावा धूम्रपानाइतका भक्कम नाही. तिथे समुपदेशन आणि गावाचा दबाव यांवर भर द्यावा लागतो. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ गावागावांतून हेच करू पाहतो आहे.

सरकारी वाटचालही सांगू. २००२ मध्ये देशात तेरा तंबाखूमुक्ती केंद्रं सुरू झाली. २००७-०८ मध्ये राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम आला, त्यात जिल्हा पातळीवर मदतीची तरतूद आहे. १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये आणि भारताने २०२२ मध्ये ही औषधं अत्यावश्यक यादीत घातली. पण यादीत असणं वेगळं आणि सालेकशाच्या दुकानात, परवडेल अशा किमतीत मिळणं वेगळं. एका दिवसाच्या पट्टीला बिडीच्या बंडलापेक्षा जास्त पैसे पडतात. मजूर काय निवडेल, हे सांगायला तत्त्वज्ञ नको.

शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. सगळ्यांनी बिडी सोडली तर मे महिन्यातल्या तेंदूच्या पैशाचं काय? त्या पैशावर पावसाळ्याआधीचं बियाणं येतं, पोरांची पुस्तकं येतात. तंबाखू नियंत्रणाच्या ज्या जागतिक करारावर भारताने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केलं, त्यातच तंबाखूवर पोट असणाऱ्यांना पर्यायी रोजगार देण्याचं कलम आहे. ते कलम मागणं हा या गावाचा हक्क आहे. पान तोडणाऱ्या बाईने नवऱ्याच्या खोकल्याची किंमत चुकवावी आणि वर अपराधीही वाटून घ्यावं, हा न्याय नव्हे.

म्हणून घरात कुणी सोडायचं म्हणत असेल, तर त्याला पुन्हा एकदा "मन घट्ट कर" एवढंच सांगून थांबू नका. त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. हृदयाचा आजार, गरोदरपण असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. पट्टी मिळते का विचारा. नसेल तर ती का नाही, हे ग्रामसभेत विचारा. आणि तो पहिल्यांदा घसरला तर हसू नका. बहुतेकांना एकाहून जास्त वेळा सोडावी लागते, तेव्हा कुठे ती सुटते.